वास्तुशांत ठरली, भिंत सुकली का?

गणपती गेले की दरवर्षी आमच्याकडे पत्रांचा एकच विषय सुरू होतो. दसरा नाहीतर दिवाळी पकडून नवीन घरात जायचं असतं, प्लास्टर नुकतंच झालेलं असतं, पेंटर दारात उभा असतो आणि मंडळी विचारतात रंग कुठला मारू. कुठला ते नंतर बघू हो, आधी कधी मारू ते विचारा. लांबलेली पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

काका, चिपळूणजवळ गावी घर बांधतोय. चिऱ्याचं बांधकाम, आतबाहेर सिमेंट प्लास्टर. आतलं प्लास्टर श्रावणात पूर्ण झालं, पाणी मारणं थांबवून जेमतेम तीन आठवडे झालेत. वास्तुशांत दसऱ्याला धरलीय, पत्रिका वाटून झाल्यात. पेंटर म्हणतो डॅम्पप्रूफ मारतो, वरून रंग, सगळं सील होऊन जाईल, काही होत नाही. मारू का? — एक वाचक, चिपळूण

नका मारू. पूजा करा, जेवणावळी घाला, फक्त रंग नका मारू. सील होऊन जाईल म्हणतोय ना तो, तेच तर दुखणं आहे, जे आत आहे ते आतच सील होणार.

आत काय आहे त्याचा जरा हिशोब करून बघा. हजार स्क्वेअर फूट आतलं प्लास्टर, 12 मिलिमीटर जाडी, 1:4 चा माल (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) धरला तर साधारण 8 पोती सिमेंट जातं. पोत्यामागे 25-30 लिटर पाणी, म्हणजे दोनशेच्या वर लिटर पाणी नुसतं कालवण्यात गेलं. सिमेंट घट्ट होताना स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी कायमचं पोटात घेतं, म्हणजे शंभरेक लिटर तिथे खपलं, उरलेलं शंभरेक लिटर भिंतीतून हवेतच जायला पाहिजे, दुसरी वाट नाही त्याला. हे हजार फुटाचं झालं, तुमच्या घराचं आतलं प्लास्टर तीन-चार हजार फूट तरी असेल. वर तुम्ही सात-दहा दिवस पाइप धरून पाणी मारलंत (बरोबरच केलंत), ते प्लास्टरने प्यायलं, मागच्या चिऱ्याने प्यायलं, चिरा तर पाणी प्यायला बसलेलाच असतो. आणि श्रावणातली चिपळूणची हवा, दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही तिथे भिंत कशी वाळणार सांगा.

आता सगळे सांगतात 28 दिवस थांबा. हा 28 चा आकडा मुळात सिमेंटच्या ताकदीचा आहे, वाळण्याचा नाही. पुण्या-सोलापूरकडे थंडीच्या कोरड्या हवेत 28 दिवसांत भिंत बऱ्यापैकी वाळते म्हणून तो चालून जातो, कोकणात पावसाळ्यात केलेल्या प्लास्टरचे दिवस मी तरी पाऊस थांबल्यापासून मोजतो. माझं ऐकू नका, भिंतीला विचारा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक घ्या, चारही बाजूंनी रुंद टेपने भिंतीला घट्ट चिकटवा, एक अख्खा दिवस आणि रात्र राहू द्या. काढल्यावर आतून बाष्प धरलं असेल किंवा खालची भिंत आजूबाजूपेक्षा काळपट दिसली तर ओल आहे. आणि ही टेस्ट हॉलच्या मधोमध उन्हाच्या भिंतीवर करून खूश होऊ नका, उत्तरेची भिंत, जमिनीपासून फूटभर वर, खिडकीखाली, बाथरूमच्या पाठीमागची बाजू अशा चार जागा घ्या. काही रंग कंपन्यांची माणसं मॉइश्चर मीटर घेऊन येतात, तसं कोणी येत असेल तर बोलवा, पण प्लास्टिकचा तुकडा फुकट आहे.

ओल हे एक झालं. दुसरं म्हणजे नवीन सिमेंट प्लास्टर प्रचंड क्षारी असतं, पीएच 12 च्या वर, आणि ओल असेपर्यंत तो क्षार जागा असतो. हे मी पुस्तकातून नाही शिकलो, माझ्याच घरात शिकलो. 1996 साली स्वयंपाकघर धुता यावं म्हणून मी हट्टाने महिन्याभराच्या प्लास्टरवर ऑइल पेंट मारला. दोन महिन्यांत ओट्यामागची भिंत चिकट, बोट लावलं की बोटाला पिवळट लिबलिबीत काहीतरी. सासूबाई म्हणाल्या फोडणी उडाली असेल. फोडणी कसली, तेल आणि क्षार ओलाव्यात एकत्र आले की साबण होतो, मी भिंतीवर साबण बनवला होता. सगळं खरवडून परत केलं. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात मिसळायच्या रंगांचा असा साबण होत नाही, पण त्यांचेही रंग फिके पडतात, डाग उठतात, फुगे येतात.

मग दसऱ्याला करायचं काय? मी असतो तर हॉल आणि देवघराला पातळ चुना मारला असता आणि बाकीच्या खोल्या उघड्या प्लास्टरच्या ठेवल्या असत्या. चांगला विरवलेला चुना, कपड्याने गाळून, चिमूटभर नीळ, दोन हात. चुना स्वतःच क्षारी, त्याला नवीन प्लास्टरचं काही वाटत नाही आणि भिंतीचा श्वास तो अडवत नाही. आपल्याकडे आजोबा-पणजोबा पहिल्या वर्षी घराला नुसता चुना द्यायचे आणि रंगाचं पुढच्या दिवाळीला बघायचे, ते काय फक्त पैसे नव्हते म्हणून नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवतो, नंतर पुट्टी-इमल्शन करायचं तेव्हा हा चुना पत्तीने आणि ब्रशने पूर्ण खरवडावा लागेल, चुन्यावर मारलेलं इमल्शन पोपडे धरतं. म्हणून चुन्यात डिंक किंवा डीडीएल (चुना धरून ठेवायला घालतात तो गोंद) घालू नका, सुटायला सोपा पाहिजे. खिडक्या दिवसा उघड्या ठेवा, पंखे चालू, रात्री दव पडायला लागलं की बंद. हॅलोजन लावून भिंत भाजायला जाऊ नका, वरचा थर वाळतो, तडकतो आणि आतली ओल आहे तिथेच. संक्रांत झाली की परत प्लास्टिक चिकटवून बघा आणि मग पेंटरला बोलवा. पत्रिकेत रंगाचा उल्लेख नसतो.

सर, पुण्यात नवीन फ्लॅट, बिल्डरने आतून जिप्सम प्लास्टर दिलंय. पेंटर दोन हात पुट्टीचं कोटेशन देतोय, शेजारी म्हणतात जिप्समला पुट्टी लागतच नाही. शिवाय आमच्या वडिलांनी काळजीपोटी दोन दिवस भिंतींवर पाणी मारलं, आता? — एक वाचिका, पुणे

वडिलांना नमस्कार सांगा आणि पाइप काढून घ्या. त्यांच्या काळात प्लास्टर म्हणजे सिमेंटचं, पाणी मारलं नाही तर मुकादम शिव्या घालायचा, त्यामुळे हात आपोआप नळाकडे जातो. जिप्समचं उलटं आहे. ते अर्ध्या-पाऊण तासात बसतं, त्याला क्युरिंग नाही, पाणी मारलं तर मऊ पडतं. दोन दिवसच मारलंय ना, मग पूर्ण वाळू द्या. एरवी आठवडाभरात जिप्सम कोरडं होतं, तुम्ही दोन-तीन आठवडे धरा, आणि मग नखाने खरवडून बघा, नख सहज रुतत असेल किंवा पीठ पडत असेल तो भाग काढून परत करावा लागेल. बोटांच्या पेरांनी ठोकूनही बघा, बद्द आवाज आला तर मागे पोकळ आहे, पझेशनच्या आधी बिल्डरकडून दुरुस्त करून घ्या, नंतर कोणी येत नाही.

पुट्टीचं म्हणाल तर शेजारी बरोबर आणि पेंटर थोडा बरोबर. चांगल्या हाताने केलेलं जिप्सम आधीच गुळगुळीत असतं. मी काय करतो की संध्याकाळी भिंतीला चिकटवून मोबाइलचा टॉर्च आडवा धरतो, खड्डे, थापीचे ओरखडे, वायरमनने परत भरलेल्या झिऱ्या सगळं सावलीत दिसतं. तेवढ्याच जागा पेन्सिलने गोल करून भरायच्या. क्रम असा ठेवा, आधी धूळ कोरड्या कपड्याने पूर्ण पुसायची (जिप्समची धूळ राहिली तर प्रायमर धुळीला चिकटतो, भिंतीला नाही), मग पाण्याचा प्रायमर, मग त्या गोलांमध्ये ॲक्रिलिक पुट्टी, घासून त्यावर परत प्रायमरचा हात, मग रंग. अख्ख्या घराला दोन हात पुट्टी म्हणजे आरसा पाहिजे असेल तरच. आणि जिप्समवर व्हाइट सिमेंटची पुट्टी मी तरी टाळतो, ओल आली की सिमेंट आणि जिप्समचं एकमेकांशी पटत नाही, थर फुगून सुटतो.

बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत बिल्डरने जिप्सम केलं असेल तर मात्र रंगाच्या गप्पा बंद करून आधी त्याला पत्र लिहा.

भाऊ, नागपूरले मे महिन्यात प्लास्टर झालं. आता भिंतीवर जाळं-जाळं अशा बारीक भेगा दिसून राहिल्या आणि हात फिरवला की हाताले रेती लागते. पेंटर म्हणते पुट्टीत सगळं झाकून जाते. — एक वाचक, नागपूर

झाकून जाते हे खरं, पण दिवाळीपर्यंतच.

मे महिन्यात नागपुरात 45 डिग्री, वर उन्हाळी वारा. प्लास्टरला जे पाणी आठवडाभर पोटात ठेवायला पाहिजे होतं ते दुपारच्या जेवणापर्यंत उडून गेलं असणार. सकाळ-संध्याकाळ एकेकदा पाणी मारलं म्हणजे क्युरिंग झालं असं होत नाही, त्या हवेत भिंत सतत ओली पाहिजे, बाहेरून गोणपाट लावून. सिमेंट उपाशी राहिलं की रेती धरून ठेवायला कोणी नाही, म्हणून ती हाताला येते. आता पाणी मारून काही उपयोग नाही, बरेच जण तीन महिन्यांनी परत पाणी मारायला लागतात, ते सोडून द्या.

किती वाईट आहे ते आधी ठरवा. नुसती पांढुरकी भुकटी हाताला लागते, पण स्क्रू-ड्रायव्हरने दाबून रेघ ओढली तर फक्त ओरखडा उठतो, असं असेल तर वाचलात. नायलॉनच्या कडक ब्रशने सगळी भुकटी झाडा, पुसा, आणि आत मुरणारा ॲक्रिलिक सीलर-प्रायमर पातळ करून एक हात द्या. पातळ म्हणजे डब्यावर लिहिलंय तेवढंच, पेंटरच्या मनाने नाही. तो मुरला की दुसऱ्या दिवशी रुंद टेप भिंतीला दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा, टेपवर रेती आली नाही तर पुढे जायचं, आली तर अजून एक हात. पण स्क्रू-ड्रायव्हरने रेघ ओढल्यावर खाच पडून चिमूट-चिमूट रेती गळत असेल तर भाऊ, तेवढं प्लास्टर काढा. मला माहितीये हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण किलो-किलोने पुट्टी चढवली तर ती पुट्टी रेतीलाच धरून उभी राहणार आणि एक दिवस पापडासारखी खाली येणार.

जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा फक्त कातडीच्या असतात, त्या पुट्टीत जातात, त्याचं टेन्शन नको. वेगळी भेग ती जी सरळ उभी किंवा आडवी, कॉलम आणि विटांच्या जोडावर जाते. काँक्रीट आणि वीट उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखी हलत नाहीत, तिथे प्लास्टरच्या आधी कोंबडीची जाळी मारायची असते, जोडाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच. ती मारली नसेल तर भेग पुट्टीने भरून भागत नाही, इंग्रजी व्ही आकारात उघडा, धूळ काढा, ताणणारा ॲक्रिलिक क्रॅक फिलर भरा, वर फायबरची टेप आणि मग पुट्टी. एवढं करूनही ती परत दिसू शकते, पण केसाएवढी.

पुट्टीच्या आधी प्रायमर की नंतर? दोन पेंटर, दोन उत्तरं. — एक वाचक, सातारा

दोघंही खरं बोलतायत, दोन वेगळ्या पुट्ट्यांबद्दल. पोत्यात भुकटी येते ती व्हाइट सिमेंटची, सिमेंट प्लास्टरवर तिला आधी प्रायमर नको, उलट भिंतीवर हलकं पाणी शिंपडून ओलसर करून घ्यायची, नाहीतर कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी खेचून घेते. (हो, आत्ताच वर म्हटलं भिंत वाळू द्या आणि आता ओली करा म्हणतोय, पण ही वरवरची ओल आहे, तासात जाणारी.) बादलीत तयार, लोण्यासारखी मिळते ती ॲक्रिलिक, तिला आधी प्रायमर, नंतरही प्रायमर. ॲक्रिलिक पुट्टी बाहेरच्या भिंतीला अजिबात नाही.

भुकटीवाल्या पुट्टीत बहुतेक फसतात ते पाण्यात. किलोला 360 ते 400 मिली, आधी पाणी आणि त्यात भुकटी, दहा मिनिटं ठेवून परत घोटायची, एकही गुठळी नको. तासा-दोन तासात लागेल तेवढीच कालवायची. चहाला गेल्यावर घट्ट झालेल्या घमेल्यात परत पाणी ओतून सैल करतात ना, ती पुट्टी मेलेली असते, भिंतीवर खडूसारखी सुटते, हे डोळ्यांनी बघा आणि तिथेच फेकायला लावा. दोन पातळ हात, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या आत. भिंत एवढी वाकडी असेल की पाव इंच भरावी लागतेय तर ते काम पुट्टीचं नाही, गवंड्याला परत बोलवा. पहिल्या हातानंतर रात्रभर जाऊ द्यायची, दुसरा हात पूर्ण वाळला की बारीक पॉलिश पेपर, धूळ पुसून मग प्रायमर. घासताना तोंडाला मास्क, हे पेंटरला पण सांगा, बिचारे रुमाल बांधून दिवसभर ती पांढरी धूळ खातात.

जुने रंगारी चॉक पावडरमध्ये फेविकॉल आणि अस्तर घालून लांबी करायचे. कोरड्या भिंतीवर टिकायची, ओल दिसली की सोडून द्यायची. आता कोणी स्वस्तात ती करून देतो म्हटला तर नको म्हणा.

अलिबागजवळ घर. प्लास्टरला चार महिने झाले, खालच्या तीन फुटांत पांढरं पांढरं पीठ येतं, पुसलं की आठ दिवसांत परत. ऑइल प्रायमर मारून दाबून टाकू का? — एक वाचिका, अलिबाग

ताई, तो लोणा आहे. भिंतीत कुठेतरी मीठ आहे, पाणी त्याला विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. मीठ कुठून आलं तर विटेतून येतं, सिमेंटमधून थोडं येतं, आणि तुमच्या भागात बऱ्याचदा न धुतलेल्या खाडीच्या रेतीतून येतं. दाबून टाकायला गेलात तर मीठ रंगाच्या मागे साठून स्फटिक धरतं, आणि त्या स्फटिकांना एवढा जोर असतो की रंगच काय, प्लास्टरची साल पण उचलून टाकतात.

पहिली गोष्ट, पुसू नका आणि धुऊ तर नकाच. ओल्या फडक्याने पुसलं की मीठ विरघळून परत आत जातं, म्हणून आठ दिवसांत पुन्हा हजर. कोरड्या ब्रशने झाडा, खाली वर्तमानपत्र पसरून ते पीठ गोळा करा आणि घराबाहेर टाका. पंधरा दिवसांनी परत. दरवेळी कमी कमी येत गेलं तर ते नुसतं बांधकामाच्या पाण्याचं आहे, दोन-चार वेळा झाडून संपेल, मग अल्कलीला टिकणारा पाण्याचा प्रायमर आणि रंग, काही अडचण नाही.

पण कमी होत नसेल तर पाणी अजून येतंय. फक्त खालच्या तीन फुटांत म्हणालात म्हणून माझा संशय जमिनीवर जातो. जोत्यावर डीपीसी, म्हणजे जमिनीची ओल वर चढू न देणारा थर, घातली होती का ते कंत्राटदाराला विचारा, आणि बाहेर जाऊन बघा की अंगणाची फरशी किंवा मातीचा भराव जोत्याच्या वर तर चढला नाही ना, बागेची हौस म्हणून भिंतीला लागून माती टाकतात आणि डीपीसी मातीखाली जाते, मग ती असून नसून सारखीच. त्या भिंतीच्या मागे बाथरूम किंवा पाण्याची लाइन असेल तर नळ रात्रभर बंद ठेवून टाकीची पातळी बघा.

आणि रेतीच खारट असेल तर उपाय तितकासा गोड नाही. खारट रेती हवेतूनच ओल ओढते, पावसाळ्यात घरातलं मीठ बरणीत पाणी सोडतं तसं, त्यामुळे गळती कुठेच नसली तरी दर जूनला भिंत घाम फोडणार. तेवढा तीन-चार फुटांचा पट्टा विटेपर्यंत सोलून चांगल्या रेतीत परत प्लास्टर करणं हाच खरा मार्ग. ते जमेपर्यंत त्या पट्ट्याला चुना ठेवा, वरच्या भागाला हवा तो रंग द्या, मध्ये एक रंगीत पट्टी ओढली की मुद्दाम केल्यासारखं दिसतं. आमच्या आळीत तीन घरांना आहे तसं.

दादा, इंग्लंडमध्ये रेडिंगला नवीन एक्स्टेन्शन बांधलं. भिंती गुलाबी प्लास्टरच्या आहेत. इथला बिल्डर म्हणतो मिस्ट कोट मार. सासरे कोल्हापूरहून व्हिडिओ कॉलवर म्हणतात आधी फेविकॉलचं पाणी मारून भिंत सील कर, मग रंग कमी पितो. कोणाचं ऐकू? — एक वाचक, रेडिंग

सासऱ्यांना सांगू नका मी म्हटलं म्हणून, पण बिल्डरचं.

तिकडे विटेवर किंवा बोर्डवर जिप्समचा दोन-तीन मिलिमीटरचा साय धरावी तसा थर देतात, तो गुलाबी. ओला असताना गडद चॉकलेटी-गुलाबी, वाळला की एकसारखा फिका. गडद ढग दिसतायत तोपर्यंत हात लावायचा नाही. नुसता पातळ थर दोन-तीन आठवड्यांत वाळतो, खाली जाड प्लास्टर असेल तर महिना-दीड महिना धरा, तिकडच्या थंडीत अजून. हीटर फुल करून वाळवू नका, खिडकी किलकिली ठेवा.

कोरडं जिप्सम एवढं तहानलेलं असतं की घट्ट रंग लावला तर त्यातलं पाणी एका क्षणात पिऊन टाकतं, रंगाला धरायला वेळच मिळत नाही आणि वर नुसती कातडी राहते, पुढे टेप काढताना ती अख्खी सोलून येते. मिस्ट कोट म्हणजे रंगच, पाणी घालून पातळ केलेला, म्हणजे आत मुरतो आणि धरतो. साधा पांढरा मॅट इमल्शन, चकाकणारा सिल्क नको, धुता येणारा व्हिनाइल नको. तीन-चार भाग रंगाला एक भाग पाणी, ठिबकतो भरपूर, कार्पेट घालायच्या आधी उरका. तो वाळला की मग नेहमीचे दोन हात.

फेविकॉलच्या पाण्याचं काय होतं, तिकडे त्याला पीव्हीए म्हणतात, ते भिंतीवर प्लास्टिकसारखी कातडी धरतं, रंग आत जाऊच शकत नाही, वर तरंगतो. आणि पाण्याचा रंग लावला की ती कातडी परत चिकट होते. सासरे चुकीचं बोलत नाहीत, आपल्याकडे चुन्यात डीडीएल घालतात म्हणजे चुना अंगाला लागत नाही, ते त्यांच्या डोक्यात आहे. ते चुन्यात घालतात, चुन्याखाली नाही, एवढाच फरक.

बाळाच्या खोलीला कुठला रंग? वास किती दिवस? — एक वाचिका, ठाणे

चांगल्या कंपनीचा कमी व्हीओसीवाला (हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) पाण्याचा इमल्शन, भिंतीला ऑइल पेंट नको. शिशाची भीती असेल तर आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर चालत नाही, नियम 2016 चा आहे आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, डब्यावर तसं छापलेलं असतं, ते वाचून घ्या आणि सुटा बिनलेबलचा रंग आणू नका. भिंतीपेक्षा जास्त लक्ष दरवाजे, ग्रिल आणि पाळण्याकडे द्या, एनॅमल तिथे लागतो आणि बाळ चावतं पण तेच. वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, आठवडाभर तरी बाळाला दुसऱ्या खोलीत झोपवा.

कोटेशन स्क्वेअर फुटावर दिलंय, घर 650 कार्पेट आणि पेंटर 2300 फूट लावतोय, लुबाडतोय का? — एक वाचक, नाशिक

नाही बहुतेक. भिंती आणि छत मिळून कार्पेटच्या साधारण साडेतीन पट होतं हा रंगाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे, 650 ला 2275 येतात. पण ठोकताळ्यावर पैसे देऊ नका, टेप घेऊन दोघांनी मिळून मोजा, आणि दरवाजे-खिडक्या वजा करायच्या की नाही ते कामाच्या आधी ठरवा, नंतर त्याच्यावरून भांडणं होतात. मटेरियलसकट दर असेल तर किती हात पुट्टी, किती प्रायमर, किती रंग, कुठला प्रकार हे कागदावर लिहून घ्या. डबे तुमच्यासमोर उघडू द्या. पाणी किती घालायचं ते डब्यावर असतं, आणि मटेरियल पेंटरचं असलं की ते पाणी हळूहळू वाढतं, हे मी कोणाला दोष द्यायला नाही सांगत, रोजच बघतो.

रंग झाला, दोन लिटर उरलाय. दुकानदार परत घेत नाही. फेकू? — एक वाचिका, कराड

अजिबात नाही. टीव्हीवाला, एसीवाला, पडदेवाला येऊन जायचेत अजून, आणि नवीन घराला पहिल्या वर्षी चार-दोन केसाएवढ्या भेगा पडतातच. अख्खी भिंत परत रंगवायची नसेल तर हाच डबा कामाला येतो, कारण तोच शेड परत मशीनवर बनवला तरी डोळ्याला थोडा वेगळा दिसतो. छोट्या डब्यात ओता, म्हणजे आत हवा कमी राहते, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून घट्ट ठोका आणि शेडचा कोड, खोली आणि तारीख झाकणावर नको, डब्याच्या अंगावर लिहा. माझ्या माळ्यावर सहा डबे आहेत, सगळ्यांची झाकणं सुंदर लिहिलेली, आणि साफसफाईत कोणीतरी ती अदलाबदल करून ठेवलीयत.